हिरव्या दाण्याची जगभरची भावकी

डिसेंबर-जानेवारीत जालना जिल्ह्यातल्या बदनापूर, अंबड, घनसावंगीकडच्या काळ्या रानात शाळू ज्वारीची कणसं भरू लागतात. त्यात मोजकेच दिवस असे येतात की दाणा नखाने दाबला तर दूध उडत नाही आणि दाताखाली तो कडकही लागत नाही. हे हुरड्याचे दिवस. ते टळले की दाणा पांढरा, टणक होतो आणि मग त्याची भाकरीच करायची.

या दिवसांत दाण्याच्या आत मोठी उलाढाल चाललेली असते. पानांनी बनवलेली साखर ताटातून कणसात येते आणि दाण्यातली विकरं तिचे कण एकमेकांना जोडत स्टार्च तयार करतात. दाणा पिकत जातो तसतशी गोडी कमी होते. हुरड्याचा दाणा ऐन मधल्या टप्प्यावर असतो. साखर अजून शिल्लक, स्टार्च बऱ्यापैकी भरलेला आणि पाणी भरपूर.

मग शेतातच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. जाळ विझून निखारे फुलले की कणसं त्यांत खुपसायची. उष्णतेने विकरं निकामी होतात आणि गोडी आहे तिथेच थांबते. दाण्यातल्याच पाण्याने स्टार्च फुगून शिजतो. ना भांडं लागत, ना आधण! कणीस हातावर चोळलं, फुंकर मारून फोल उडवलं की तळव्यावर हिरवेगार, वाफाळते दाणे उरतात. गुळभेंडी जातीच्या ज्वारीचा हुरडा असेल तर विचारायलाच नको. सोबत तीळ-शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ.

ही युक्ती आपल्या मराठवाड्याची खास, असं वाटतं ना? सुरतेला तापीकाठी हाच ज्वारीचा हिरवा दाणा ‘पोंक’ म्हणून शेवेबरोबर खातात. समुद्र ओलांडला की नवल आणखी वाढतं. सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइनमध्ये गहू हिरवा असतानाच कापून त्याच्या पेंढ्यांना चक्क आग लावतात. काड आणि कुसळं जळून जातात, पण ओला दाणा जळत नाही. चोळून, वाळवून ठेवलेल्या या दाण्याला फ्रीके म्हणतात. त्याचं धुरकट वासाचं सूप अम्मानमध्ये मिळतं, तर इजिप्तमध्ये तो कबुतरात भरून शिजवतात. ही रीत फार जुनी आहे. बायबलमधल्या लेवीय ग्रंथात पहिल्या पिकाचं अर्पण म्हणून विस्तवावर भाजलेल्या हिरव्या कणसांचा उल्लेख येतो.

जर्मनीच्या बाउलांड भागात तर स्पेल्ट नावाचा गहू हिरवा कापून पारंपरिक पद्धतीने बीच झाडाच्या लाकडांच्या धगीवर सुकवतात आणि त्याला ग्र्युनकेर्न म्हणतात. पावसाने उभं पीक हातचं जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी ते आधीच कापलं आणि त्यातून ही चव सापडली, असं तिथे सांगतात.

पिकं वेगळी, हवा वेगळी, पण दाण्यातला तोच नेमका क्षण ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी हेरला. जुनं धान्य संपत आलेलं आणि नवं अजून कणसात असताना भूक कशी भागवायची, हा प्रश्नही अनेक ठिकाणी सारखाच होता. आणि आपली म्हणवणारी ज्वारीसुद्धा परदेशातून आलेली! ती माणसाळली आफ्रिकेत. त्याचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानमध्ये सापडला आहे, सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचा.

म्हणून अम्मानला किंवा जर्मनीला जाणं झालं, तर फ्रीके आणि ग्र्युनकेर्नचं सूप आवर्जून मागा. जालन्याच्या माणसाला तिथे भावकीतलंच कुणी भेटल्यासारखं होईल. ते दाणे वाळवलेले असल्याने वर्षभर टिकतात, दुकानात पिशवीत मिळतात. आगटीतून काढलेल्या गरम हुरड्याला मात्र ती सोय नाही. त्यासाठी थंडीतच यावं लागतं आणि रानातच बसावं लागतं. तेव्हा या जानेवारीत कुणी शेतकरी ‘हुरडा खायला या’ म्हणाला, तर बाकीची कामं बाजूला ठेवून जाच.