विश्लेषण : मोदक स्पर्धेत परीक्षक प्रामाणिक, तरी निकाल कसा चुकतो?

गणेशोत्सवातल्या मोदक स्पर्धेचा निकाल लागला की कुजबुज ठरलेलीच. ‘परीक्षक त्यांच्या ओळखीचे होते’ हा नेहमीचा संशय. पण परीक्षक अगदी निःपक्षपाती असले, तरी गुण देण्याच्या पद्धतीमुळे भलताच मोदक पहिला येऊ शकतो.

जाणकारांची जीभ किती भरवशाची?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत निवृत्त प्राध्यापक रॉबर्ट हॉजसन यांनी २००५ पासून एक प्रयोग केला. परीक्षकांना कल्पना न देता एकाच बाटलीतली वाइन त्याच फेरीत तीनदा चाखायला दिली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीतले गुण देणारे परीक्षक सुमारे १० टक्केच निघाले. आणि हे सगळे वाइनमधले जाणकार!

बेरीज कुठे फसते?

दोन मोदक, तीन परीक्षक. दोघांनी ‘अ’ला प्रत्येकी ८ आणि ‘ब’ला ७ गुण दिले. तिसऱ्याने ‘अ’ला ३, ‘ब’ला ९. बेरीज झाली ‘अ’ १९, ‘ब’ २३. तिघांपैकी दोघांना ‘अ’ सरस वाटला, बक्षीस मात्र ‘ब’ला. टोकाचे गुण देणाऱ्याचे मत असे आपोआप जड होते.

गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाने लावलेले क्रमांक मोजले, तर ‘अ’ची बेरीज ४, ‘ब’ची ५, कमी बेरीज विजयी. यात थोडा आणि प्रचंड फरक सारखाच मोजला जातो, हा तोटा आहेच. तरी सोसायटीच्या स्पर्धेला ही पद्धत पुरेशी आहे.

मग ७ गुण म्हणजे नेमके किती?

हे आधी ठरवायला हवे. पारी पातळ पण न फुटलेली, कळ्या सुबक, सारण कोरडे नाही, असे प्रत्येक गुणाचे वर्णन लिहून ठेवावे. स्पर्धेबाहेरचा एक मोदक सर्वांनी चाखून गुण जुळवून पाहावेत. कॉफीचे परीक्षकही असेच करतात.

क्रमाने काय बिघडते?

पहिला घास भुकेच्या पोटी, पंधरावा कंटाळून. त्यामुळे प्रत्येक परीक्षकाला ताटे वेगळ्या क्रमाने द्यावीत, नावांऐवजी ४१७, ८६२ असे तीन आकडी सांकेतिक क्रमांक लावावेत. ‘१’ किंवा ‘अ’ लिहिले की मन आधीच झुकते.

मिसळ स्पर्धेत अडचण आणखी वाढते. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून झणझणीत रश्श्यानंतर पाणी पिऊन भागत नाही. दोन मिसळींच्या मध्ये दूध किंवा ताक आणि काही मिनिटे थांबणे, हे वेळापत्रकातच असायला हवे.