आहाराची मोजदाद : तीन पद्धती

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील आहारात मोठी विविधता आढळते. महाबळेश्वर, जावळी व पाटणच्या डोंगरी भागात भात, नाचणी आणि वरी. कराड, वाळवा, पलूस या कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात ज्वारीच्या जोडीला गहू आणि दूधदुभते. तर माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत ज्वारी-बाजरीची भाकरी हाच जेवणाचा मुख्य आधार. अशा प्रदेशात प्रौढ स्त्री-पुरुष नेमके काय आणि किती खातात, हे जाणून घ्यावयाचे कसे? प्रश्न साधा वाटतो. परंतु पोषणविषयक योजनांची दिशा त्याच्या उत्तरावर ठरत असल्यामुळे माहिती मिळविण्याची पद्धत विचारपूर्वक निवडावी लागते.

तराजू स्वयंपाकघरात

पहिली पद्धत तोलण्याची. पाहणी करणारा कार्यकर्ता स्वयंपाकापूर्वीच घरी पोहोचतो. पीठ, डाळ, भाजी, तेल, गूळ यांचे कच्चे वजन करतो आणि उरलेले अन्न हिशेबातून वजा करतो. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्यूरोने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत केलेल्या पाहण्यांत या पद्धतीचा अवलंब झाला होता. येथे स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र ती खर्चिक व वेळखाऊ आहे. शिवाय तराजू घेऊन पाहुणा येणार म्हटल्यावर त्या दिवसाचा बेत बदलण्याचा संभव असतो.

याहून महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे. तराजू सांगतो तो आकडा कुटुंबाचा असतो, व्यक्तीचा नव्हे. तो आकडा वय, लिंग व श्रम यांनुसार ठरविलेल्या प्रमाणांनी विभागला जातो. हा भागाकार गरजेनुसार होतो. ताटातील वाढणी मात्र गरजेनुसार होतेच असे नाही. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेल्या भाकरीवर आणि तळाच्या आमटीवर भागविणारी गृहिणी या सरासरीत दिसेनाशी होते.

कालचा दिवस आठवताना

दुसरी पद्धत चोवीस तासांच्या स्मरणाची. कालपासून आजपर्यंत काय काय खाल्ले, हे प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे विचारले जाते. ठराविक मापाच्या वाट्या व पळ्या समोर ठेवून आमटी किती, भात किती, याचा अंदाज घेतला जातो. भाकरीचा आकार व जाडी घरोघरी निराळी असल्याने ‘दोन भाकरी’ हे उत्तर पुरेसे नसते. त्या घरच्या एका भाकरीला किती पीठ लागते, हे पाहावे लागते. चहातील साखर, रानात खाल्लेल्या शेंगा, तोंडी लावलेला ठेचा या गोष्टी आवर्जून विचारल्याखेरीज सांगितल्या जात नाहीत.

या पद्धतीने व्यक्तीचे ताट दिसते, पण एकाच दिवसाचे. काल एकादशी असेल, तर भाकरीऐवजी वरी आणि साबुदाणा नोंदला जाईल. गावची जत्रा असेल, तर मटणाचा रस्सा. मोठ्या समूहाची सरासरी काढण्यास एक दिवस चालतो. एका व्यक्तीचा नेहमीचा आहार ठरविण्यास निरनिराळ्या दिवशी पुन्हा विचारणे आवश्यक ठरते.

किती वेळा?

तिसऱ्या पद्धतीत पदार्थांची यादी पुढे ठेवून महिन्यातून वा आठवड्यातून तो किती वेळा खाल्ला, असे विचारतात. पालेभाज्या, फळे, अंडी, मांस अशा रोज न होणाऱ्या पदार्थांसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. परिमाण मात्र ढोबळच राहते. यादीही स्थानिक असावी लागते. तीत हुलग्याचे माडगे, अंबील, तांदुळजा, घोळ नसतील तर ते नोंदीतून सुटतील. हुरड्यासारखा पदार्थ हंगामापुरताच असल्याने विचारण्याचा महिनाही लक्षात घ्यावा लागतो.

पद्धतींची जोड

या पद्धती परस्परपूरक कशा ठरतात, याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यात सापडते. तेथील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास १९९४ पासून हाती घेण्यात आला. चोवीस तासांचे स्मरण आणि पदार्थांची वारंवारिता, या दोन्ही प्रकारे त्यांच्या आहाराची माहिती घेण्यात आली. एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. परंतु दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे अधिक चांगल्या वाढीची आढळली. केवळ उष्मांकांचा हिशेब ठेवला असता, तर ही बाब नजरेआड राहिली असती. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तात्पर्य, एकच पद्धत सर्वत्र लागू करता येत नाही. कुटुंबाच्या धान्याचा हिशेब हवा असेल तेथे तराजू, व्यक्तीचे ताट पाहावयाचे तेथे स्मरण, आहाराची सवय जाणावयाची तेथे वारंवारिता, असा विवेक ठेवावा लागतो. कोणतीही पद्धत योजली, तरी घरातील स्त्रीला तिच्या स्वतःच्या जेवणाविषयी, शक्यतो एकटीला आणि तिच्याच बोलीत विचारणे अगत्याचे आहे. घराचा कणगा भरलेला असूनही तिचे ताट अपुरे असू शकते, आणि ते तिला विचारल्यावाचून कोणत्याही तक्त्यात उमटणार नाही.