दश्शी हरवली कुठे?

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली आणि सतरंजीवर मेंढीकोटचा डाव. गोंदियात वाढलेल्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. यंदा मात्र आमचा डाव पत्ते वाटायच्या आधीच अडला. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामेभावानं स्पेनहून पत्त्यांचा नवा कॅट आणला होता. आम्ही हौसेनं उघडला, तर त्यात बदाम नाही, इस्पिक नाही. अठ्ठी, नव्वी गायब. राणी तर औषधालाही नाही! आणि ज्या दश्शीसाठी मेंढीकोट खेळायचा, तिच्या जागी एक पोरगेला शिलेदार उभा.

तुम्हालाही वाटेल, हा कॅट सदोष निघाला. तसं नाही. स्पेनचे पारंपरिक पत्ते असेच असतात.

नाणी, पेले, तलवारी, सोटे

आपण खेळतो ते 52 पत्ते मूळ फ्रेंच वळणाचे. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. दोन लाल, दोन काळे. स्पॅनिश कॅटमध्ये बहुधा 40 पत्ते असतात, काही कॅटमध्ये 48. त्यांचे चार रंग म्हणजे सोन्याची नाणी, पेले, तलवारी आणि सोटे. एक ते सात आकडे, मग थेट 10, 11, 12. दहा म्हणजे तो शिलेदार, अकरा घोडेस्वार, बारा राजा.

एक गंमत पाहा. पत्त्याच्या चौकटीची रेघ नाण्यांवर सलग असते, पेल्यांवर एका ठिकाणी तुटते, तलवारींवर दोन आणि सोट्यांवर तीन ठिकाणी. हातातले पत्ते पूर्ण न पसरताही, नुसती कड पाहून रंग कळतो.

मग जगभर फ्रेंच पत्ते का पसरले? कारण साधं आहे: ते स्वस्त पडले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सनं साधे, सपाट आकार आणले. साचा ठेवायचा, लाल नाहीतर काळा रंग फिरवायचा, झालं! नक्षीदार तलवारी काढत कोण बसणार? तरी जुनी नावं चिकटून राहिली. इंग्रजीत किलवरला ‘क्लब’, म्हणजे सोटा म्हणतात, पण पत्त्यावर दिसतं तीन पानांचं फूल. ‘स्पेड’ हे नावही तलवारीवरूनच आलंय.

आपले पत्ते कुठले?

स्पेनचे हे चार रंग अरबांकडून आले. इजिप्तच्या मामलुक काळातले पत्ते आजही इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहेत. त्यावर नाणी, पेले, तलवारी आणि पोलोच्या काठ्या आहेत. युरोपला पोलो ठाऊक नव्हता, म्हणून काठीचा सोटा झाला.

आता आपल्याकडे या. 1527 मध्ये बाबरानं सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफ्यात 96 गोल पत्ते आणि आठ रंग. त्यातही नाणी आहेत, तलवार आहे. दरबारात राजा आणि प्रधान, राणी नाहीच. पुढे आपल्या मातीत दशावतारी गंजिफा रुजला: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण 120 पत्ते. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा. पाच रंगांत दश्शी भारी, तर उरलेल्या पाचांत एक्का भारी आणि दश्शी सगळ्यात हलकी! स्पेनच्या ‘त्रेसिल्यो’ या जुन्या खेळातही दोन रंगांचे आकडे असेच उलटे चालतात.

हे गंजिफे आजही सावंतवाडीच्या राजवाड्यात हातानं रंगवले जातात. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही मरू घातलेली कला पुन्हा उभी केली. चिंचोक्याची खळ, खडूची पूड, रंग आणि लाखेचा थर. पळसावरची लाख आपल्याला नवी नाही. गोंदियाचं नावच इथल्या गोंद, म्हणजे डिंकाच्या बाजारावरून पडलं असं सांगतात. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या गावाशी असंही एक नातं निघालं.

पण खरी खंत इथेच आहे. फ्रेंच पत्ते स्वस्त असूनही स्पॅनिश पत्ते टिकले, कारण स्पेनमध्ये लोक आजही ‘मुस’ आणि ‘ब्रिस्का’ खेळायला बसतात. आपला गंजिफा आपण शोकेसमध्ये ठेवतो, भेट म्हणून देतो. डाव मांडणारे किती? कला कलाकारांनी वाचवली, खेळ मात्र खेळणाऱ्यांनाच वाचवावा लागतो. तुमच्या ओळखीत कुणाला गंजिफा येत असेल, तर फोटो नंतर काढा, आधी नियम विचारून घ्या.

आणि आमच्या अडलेल्या डावाचं काय झालं? आजी इतका वेळ ऐकत होती. तिनं तो शिलेदार हातात घेतला, चष्मा वर केला.

“दहाचा आकडा हाये ना याच्यावर? मंग हेच मेंढी. वाट बापा पत्ते!”

चाळीस पत्ते, चौघं, प्रत्येकी दहा. हिशेब बरोब्बर बसला. लाईट आली तरी कुणी उठलं नाही.