रानातली पाने, कपाटातले जहर

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या तुये गावात पाऊस लागला की कपाटातल्या कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशी धरते, मागोमाग कसर येते. घरोघरी डांबरगोळ्यांवर निभावते. संग्रहालयांचे मात्र एवढ्यावर कधीच भागले नाही. पक्ष्यांची कातडी टिकवायला सोमलाचा साबण, लाकडी वस्तूंवर डीडीटी आणि वाळवलेल्या वनस्पतींना पारा, असा जालीम बंदोबस्त दीडदोनशे वर्षे जगभर चालला.

आपल्याकडे हा प्रश्न हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या नमुनासंग्रहात, फार जवळून दिसतो. कोकण-गोव्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले ब्लाटर हर्बेरियम (स्थापना 1906) किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुण्यातले केंद्र (1955) गाठावे लागते. देशभरातल्या हर्बेरियमांत रूढ असलेली रीत अशी: दाबून वाळवलेली फांदी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या मर्क्युरिक क्लोराईडमध्ये बुडवायची, टीपकागदात सुकवायची आणि साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर, म्हणजे शीटवर, चिकटवायची. किडे फिरकत नाहीत. पण पारा पानात आणि कागदात मुरतो, वर्षानुवर्षे त्याची वाफ होत राहते. बंद कपाटाचे दार उघडले की ती साचलेली हवा समोरच्याच्या नाकातोंडात जाते. तिला ना रंग, ना वास.

मग हे जहर काढायचे कसे? खरे सांगायचे तर वाळक्या पानातून पारा पुरता निघत नाही. धुतले तर पानाचा चुरा, तापवले तर पाऱ्याची वाफ. धातूच्या किंवा दगडाच्या वस्तूला जे साधते ते इथे साधत नाही. चामड्यावर वा कापडावर साचलेली डीडीटीची पांढरी भुकटी अतिसूक्ष्म गाळणीच्या व्हॅक्यूमने बरीचशी ओढून घेता येते. द्रवासारख्या दाट केलेल्या कार्बन डायऑक्साईडने कीटकनाशके धुऊन काढण्याचे प्रयोग जर्मनीत झाले आहेत. ती यंत्रे महाग आहेत आणि प्रत्येक वस्तूला मानवतही नाहीत.

म्हणून पहिले काम मोजणीचे. क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्राने वस्तूला धक्का न लावता पारा आणि सोमल ओळखता येतात. डीडीटीसाठी मात्र नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानंतर मूळ रहिवाशांना त्यांच्या पूजेच्या वस्तू संग्रहालयांकडून परत मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या हूपा लोकांनी त्या तपासून घेतल्या, तेव्हा पारा आणि डीडीटी सापडले. त्या वस्तू अंगावर घालून नाचायच्या होत्या! औषध मारणाऱ्यांनी त्याची नोंद वस्तूसोबत ठेवली असती, तर ही धास्ती टळली असती.

आपल्याकडे हीच नोंद सर्वांत तातडीची आहे. प्रत्येक शीटच्या फोल्डरवर ‘पारा’ असा ठळक शिक्का हवा, कपाटांपाशी खेळती हवा आणि हातात नायट्राइलचे मोजे हवेत. संशोधक तासभर बसून जातो. शीट काढून देणारा, झाडलोट करणारा मदतनीस तिथेच नोकरी काढतो. त्याला हे आधी सांगायला हवे.

नव्या नमुन्यांना विष लागतच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 30 अंशांच्या फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवले की अळ्या आणि अंडी मरतात. गोव्याच्या दमट हवेत एक पथ्य मात्र पाळावे लागते: बाहेर काढल्यावर नमुना खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरून पुन्हा बुरशीच यायची.