समुद्राच्या तळाला प्राणवायू कोण नेतं?

तीन-चार किलोमीटर खोल समुद्रात ऊन पोचत नाही, तरी तिथे जीव राहतात. मग ते श्वास कशावर घेतात? आजची गोष्ट त्याचीच.

पाण्याचे दोन स्वभाव आपल्याला ठाऊक आहेत. बंबातलं कढत पाणी वर राहतं, गार पाणी खाली बसतं. आणि मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं. म्हणून भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकलं की पोचट दाणे वर तरंगतात. समुद्रही याच दोन गोष्टींवर चालतो.

आपल्या हिंदी महासागराचं कोमट, खारट पाणी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला धावतं आणि टोकाशी एकदम मागे वळतं. त्या वळणावर भोवरे सुटतात. ओढ्यात खडकामागे दिसतात तसेच, पण शेकडो किलोमीटर रुंद! ते आपल्या पोटातलं पाणी घेऊन अटलांटिक महासागरात शिरतात.

त्यातलं काही पाणी सरकत सरकत उत्तरेला ग्रीनलंडकडे पोचतं. बोचऱ्या वाऱ्याने गारठतं. खारट होतंच, आता गारही झालं. मग जड होऊन खाली बुडतं आणि हवेतला प्राणवायू सोबत नेतं. तळाकडचा हा प्रवाह अमेरिकेच्या कडेने दक्षिणेला जातो. वाटेत खोलातले भोवरे त्यातलं पाणी महासागराच्या मध्यापर्यंत पसरवतात. शेवटी अंटार्क्टिकाभोवती ते पुन्हा वर येतं. या फेरीला शेकडो वर्षं लागतात.

2004 पासून शास्त्रज्ञ अटलांटिकमध्ये दोऱ्यांना यंत्रं बांधून हा प्रवाह मोजत आहेत. जगातल्या सगळ्या नद्यांच्या दहापटीहून जास्त पाणी त्यात वाहतं.

काळजी आहे ती ग्रीनलंडच्या बर्फाची. तो वितळून गोडं पाणी समुद्रात मिसळतं, खारटपणा कमी होतो आणि पाणी नीट बुडत नाही. या शतकात हा प्रवाह मंदावेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो फारच मंदावला तर तळाचा श्वास कोंडेल, युरोप गारठेल आणि आपल्या मान्सूनचाही तोल बिघडू शकेल.

पुढच्या बैठकीत एवढं करून पाहा. एका पेल्यात कोमट साधं पाणी घ्या. त्यात खायचा रंग घातलेलं बर्फगार मिठाचं पाणी कडेने हळूच सोडा. ते थेट तळाला जाईल. मग दुसऱ्या पेल्यात चांगलं खारट पाणी घेऊन त्यावर बिनमिठाचं रंगीत गार पाणी सोडा. गार असूनही ते वरच राहील. ग्रीनलंडची काळजी तुम्हाला त्या पेल्यात दिसेल.