गाडी खाली बसवली, पण शाफ्टचे काय?
१९५० च्या दशकातल्या फोर्ड एफ-१०० ट्रकची मागची बाजू खाली बसवली, की तो रुबाबदार दिसतो. पण वेग घेताच केबिन थरथरू लागते. दोष बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या कोनात असतो. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला (युनिव्हर्सल जॉइंट) तिरका बसलेला क्रॉस एका फेरीत दोनदा शाफ्टला पळवतो, दोनदा रोखतो. गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शियलकडचा कोन सारखा असला, तरच दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पुसतो.

कोन साधारण १ ते ३ अंश असावा. शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी चरे पाडतात. दोन्ही कोनांत १ अंशाहून जास्त फरक निघाल्यास स्प्रिंगचा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवा. मात्र मोजणी चाकांवर उभ्या गाडीचीच करा. जॅकवर लटकलेल्या अ‍ॅक्सलचे माप फसवे असते.