एक झुडूप, दोन कीटक : कण्हेरीवरील पतंग व मावा

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीप्रमाणेच घाटकोपर-मुलुंडकडेही, गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत कण्हेर लावलेली दिसते. या विषारी झुडपावर दोन कीटक उपजीविका करतात : डॅफ्निस नेरी हा पतंग आणि एफिस नेरी हा मावा. पतंगाचे वर्णन लिनिअस याने १७५८ मध्ये केले, तर माव्याचे वर्णन १८४१ मध्ये झाले. दोन्ही नावांतील ‘नेरी’ हे पद कण्हेरीच्या ‘नेरियम’ या प्रजातिनामावरून आले आहे. तथापि नामसाम्यापलीकडे दोहोंत फारच थोडे साम्य आहे. हा भेद ध्यानी न घेता झुडपावर सरसकट कीटकनाशक फवारले जाते. म्हणून प्रस्तुत तुलना आवश्यक वाटते.

जीवनक्रम

पतंगाचे रूपांतरण पूर्ण असते : अंडे, अळी, कोष व प्रौढ. हिरवी अळी पाने कुरतडून खाते. तिच्या डोक्यामागे निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. सुमारे दहा सेंटिमीटर पंखविस्ताराचा प्रौढ पतंग संध्याकाळी फुलांसमोर तरंगत लांब सोंडेने मध घेतो. त्याची अळी तगरीवरही वाढते.

पिवळ्याधमक माव्याला अळी व कोष या अवस्था नसतात. तो कोवळ्या शेंड्यांतील अन्नरस शोषतो. निसर्गात या जातीच्या माद्याच आढळतात व त्या नराविना थेट पिल्लांना जन्म देतात. गर्दी वाढली की पंख असलेल्या माद्या निपजतात व अन्य झुडपांवर जातात.

विषाशी संबंध

कण्हेरीतील कार्डेनोलाइड द्रव्ये प्राण्यांच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतात. मावा हे विष शरीरात साठवतो. त्याचा भडक रंग भक्षकांना दिलेला इशाराच होय. याउलट, या पतंगाचा पंप विषाला बळी पडणारा आहे, असे पेटशेंका व डोबलर यांनी २००९ मध्ये दाखविले. त्याच्या मज्जातंतूंभोवतीचे आवरण विषाला आत शिरू देत नाही. एकाने विषाचे शस्त्र केले, दुसऱ्याने विषाला दाराबाहेर रोखले.

निष्कर्ष

फवारणीने माव्याबरोबर त्याला खाणारे ढालकिडेही मरतात. उरलेल्या थोड्या माद्यांपासून मावा झपाट्याने पुन्हा वाढतो. ढालकिडे मात्र तितक्या वेगाने परतत नाहीत. पतंगाच्या अळ्याही त्यात नाहक नष्ट होतात. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा अथवा ग्रस्त शेंडे छाटणे बहुधा पुरेसे होते. मात्र कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हातमोजे वापरावेत. अळ्या चावत वा डसत नाहीत. त्या उचलून दुसऱ्या कण्हेरीवर अथवा तगरीवर सोडता येतात. सारांश, झुडपावर कोण आहे हे ओळखणे ही उपायाची पहिली पायरी होय.